शास्त्रीय कारणे द्या

विज्ञानाच्या पेपरात ‘शास्त्रीय कारणे द्या (कोणतीही तीन)’ असा एक प्रश्न हमखास असायचा. बाकीची माणसं त्यातली तीन कारणं देतात, सहा मार्क पदरात पाडून घेतात आणि उरलेलं आयुष्य विनाकारण जगतात. विज्ञानाचे सर मात्र त्या प्रश्नातून निवृत्तीनंतरसुद्धा बाहेर येत नाहीत. उलट शाळेत निदान ‘कोणतीही तीन’ एवढी सवलत होती. निवृत्तीनंतर सगळीच सोडवावी लागतात, आणि ती सोडवायला शेजारी बसवले जातात.

असे सर जळगावात कॉलनीगणिक एक सापडतात. धुळ्यात देवपूरकडे गेलात तर एकाच गल्लीत दोन निघायचे, आणि मग त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं. कारण विचारू नये. ते फार लांब आहे आणि त्यात आकृतीही आहे.

सर ओळखायला सोपे. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. शाळा सुटली तरी लाल पेन सुटलेलं नाही. सकाळी पेपर आला की ‘वस्तुमान’ लिहायचं तिथं ‘वजन’ लिहिणाऱ्या बातमीदाराभोवती गोल पडतो. घरात आलेल्या एकूण एक लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर काहीतरी काढलेलं असतं: डोळ्याचा उभा छेद, विद्युतघंटा, नाहीतर मूत्रपिंड, आणि सगळ्यांना बाण काढून नावं दिलेली. (माझ्या धाकट्या भावाची पत्रिका मूत्रपिंडावर खर्ची पडली.) शिवाय व्हरांड्यात, सावलीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर टांगलेला एक थर्मामीटर. कॉलनीतली पोरं त्याला सरांचा देव म्हणतात, कारण सर सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच्यापुढं उभे असतात.

आमचे सर मूळचे साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे. हयात गेली जळगावच्या शाळेत. काकूंचं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांचं. दारावर बी.एस्सी., बी.एड.सकट पूर्ण नावाची पाटी आहे, पण कुरिअरवालासुद्धा ‘विज्ञानाचे सर कुठं राहतात’ असंच विचारत येतो.

सर माणसांना मार्क देतात. एकदा दोघं आमच्याकडे बसायला आले होते, गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. बायको हळहळली.

‘का बरं गेलं?’ सरांनी विचारलं.

‘मी काकूंशी बोलत बसले म्हणून.’

‘अर्धा मार्क. हे सामाजिक कारण झालं. शास्त्रीय सांगा. पाणी उकळताना असं उतू जातं का?’

दूध ओट्यावरून खाली ठिबकतंय, बायकोच्या हातात फडकं, आणि सर सांगताहेत की तापलेल्या दुधावर प्रथिनांची नि स्निग्धांशाची साय धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली अडकते, फेस होतो आणि तो सायीला उचलून भांड्याबाहेर पडतो. बायकोनं पुसता पुसता मान डोलावली. तेवढ्यावर तिला आणखी अर्धा मिळाला.

मे महिन्यात सरांना उसंत नसते. ‘आज सत्तेचाळीस!’ म्हणून कोणी मोबाइल नाचवत येतो. दुसऱ्याला गाडीच्या पडद्यावर पन्नास दिसलेलं असतं. सर दोघांना उन्हातच थांबवतात.

‘गाडी कुठं उभी होती?’

‘बाहेर. उन्हात.’

‘मग तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो.’

इथून पुढं हवामान खात्याची पांढरी, झडपांची लाकडी पेटी येते. तिचा रंग पांढरा का, दार उत्तरेला का, ती जमिनीपासून वर का. शेवटी ती पेटी ज्यानं काढली तो स्कॉटलंडचा इंजिनिअर थॉमस स्टीव्हन्सन हा ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप, हे सांगून सर थांबतात. तोवर ऐकणाऱ्याच्या टाळूवर पापड भाजून निघाला असता. सरांचा व्हरांडा चव्वेचाळीस म्हणतो. यामुळे कॉलनीत सरांवर एक छुपा राग आहे. एवढं सोसायचं आणि वर तीन अंश कमी! भुसावळच्या नातेवाइकांना फोनवर सांगायला आकडा जरा तगडा लागतो.

उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायची आमच्याकडे रीत आहे. सरांनी तिच्यावर बरंच चिंतन केलंय. त्यांचा निकाल असा की खिशातला कांदा काही करत नाही. पण ज्याला कांदा न्यायची आठवण राहते त्याला डोक्याला रुमाल बांधायची नि पाण्याची बाटली घ्यायचीही आठवण राहते, म्हणून तो वाचतो. ‘कांद्याला शून्य, आठवणीला दीड.’

पण सरांचा खरा प्रांत कूलर. खानदेशात कूलर चालतो तसा मुंबईत चालत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. का, ते सरांना. गवतावरून पाणी उतरतं, बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढली जाते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला जी उष्णता लागते ती त्या हवेतूनच जाते. हवा गार होते, पण ओलीही होते. ही ओली हवा खोलीबाहेर गेली पाहिजे, तर पुढच्या हवेला काम करता येईल. लोक नेमकं उलटं करतात. गारवा पळेल म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतात. अशी बंद खिडकी सरांना रस्त्यावरून दिसते, आणि दिसली की त्यांचा पाय पुढं पडत नाही. बेल वाजवायची, ‘बसत नाही, घाईत आहे’ म्हणत आत जायचं, खिडकी उघडायची आणि बाहेर पडायचं.

समोरच्या वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं होतं. लग्नाला महिनाही झाला नसेल. दुपारी तीनला सरांनी त्यांची बेल वाजवली. नवऱ्यानं दार किलकिलं केलं.

‘तुमच्या खोलीतली हवा संपृक्त झालेली आहे,’ सर म्हणाले.

‘आम्ही काही तक्रार केली का, सर?’

‘तुम्ही नाही करणार. घाम सुकत नसेल एवढं लक्षात येईल फक्त. खिडकी कुठंय?’

ते जोडपं पुढच्या उन्हाळ्याआधी एसी घेऊन मोकळं झालं. सर म्हणतात, विजेचं बिल बघा त्यांचं.

पाऊस सुरू झाला की तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो, आणि लोक मेकॅनिकला बोलावतात. मेकॅनिक शहाणा आहे. तो आधी सरांच्या फाटकाशी स्कूटर उभी करतो आणि ओरडून विचारतो, ‘सर, मोटर गेली का हवा ओली?’ ‘हवा!’ आतून आवाज येतो. तो तसाच परत फिरतो. मेकॅनिकला सरांनी एकदाच पूर्ण दोन मार्क दिले होते, ते तो अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

माठाच्या बाबतीत सर हळवे आहेत. हल्ली माठांना ऑइलपेंट मारून वर मोर नि कमळं काढतात. शेजारच्या सूनबाईंनी असा एक हौसेनं आणला. सरांनी माठाच्या पोटावर हात ठेवला, तो कोरडा लागला, आणि त्यांचा चेहरा कुणाच्या मयतीला आल्यासारखा झाला. ‘छिद्रं बुजवली याची,’ ते म्हणाले. ‘पाझरणार कुठून? आता हा माठ नाही, मातीची बादली आहे.’ सूनबाईंनी त्यात छत्र्या ठेवायला सुरुवात केली. सरांना तेही पटलं नाही, कारण छत्र्या ओल्या असतात नि पाणी बाहेर पडायला वाट नाही.

काकूंना कारणांची गरज कधी पडली नाही. थंडीत बामणोदची भरताची वांगी येतात. काकू त्यांना तेलाचा हात लावतात, सुरीनं चार टोचे मारतात आणि काड्यांच्या जाळात टाकतात. टोचे मारले नाहीत तर आतल्या पाण्याची वाफ कोंडून वांगं फुटतं, हे सर लग्न झाल्यापासून त्यांना सांगत आले आहेत. काकू जाळ सारखा करतात, वांगं फिरवतात, आणि एकदा आमच्यादेखत न वळता म्हणाल्या, ‘मी टोचते म्हणून तुमाले कारण सुचते. जेवाले चला आता.’

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘दोनपैकी दोन.’

काकूंनी त्या मार्कांचं काय केलं माहीत नाही. त्या बडगीत भरीत ठेचत होत्या.

परक्या माणसाला सर पहिल्यांदा भेटतात ते साधारण जेवणाच्या वेळी, हा एक योगच म्हणायचा. एकदा आमचे पुण्याचे व्याही आले होते, त्यांना घेऊन आम्ही धुळ्याच्या वाटेवर एका ढाब्यावर शेवभाजी खायला गेलो. सर बरोबर. पहिल्या घासाला व्याह्यांचे कान लाल झाले, दुसऱ्याला डोळे वाहायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तो सरांनी हातातून काढून घेतला.

‘पाणी नको. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी प्यालात तर ते घशापर्यंत पसरेल.’

‘मग काय पिऊ?’

‘का बरं असं होतं, ते आधी बघा. तिखट ही चव नाही. तोंडातल्या मज्जातंतूंवर एक संवेदक असतो, तो साधारण त्रेचाळीस अंशांपुढं चाळवतो. भाजलं हे कळावं म्हणून त्याची नेमणूक. कॅप्सेसिन त्याच संवेदकाला जाऊन चिकटतं. मेंदूला निरोप जातो, तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या चमूनं १९९७ मध्ये तो शोधला. २०२१ चं नोबेल मिळालं त्यांना, दुसऱ्या एकाबरोबर वाटून.’

‘अहो, दही आणा हो कोणीतरी!’ व्याही म्हणाले.

‘बरोबर,’ सर म्हणाले. ‘दही. पण कारण?’

त्रेचाळीस अंश म्हणजे जळगावात मे महिन्याचा रोजचा भाव. शेवभाजी आणि स्टेशन रोड यांत आमच्या मज्जातंतूंना फारसा फरक करता येत नसावा. आम्ही दोन्ही निमूट सोसतो त्याचं तेच कारण असेल. हे मी सरांना सांगितलं. ‘हवेचं आणि त्वचेचं तापमान यांत घोळ केलात,’ म्हणून त्यांनी अर्धा मार्क कापला, पण हसले.

सरांबरोबर एस.टी.चा प्रवास करू नये असं कॉलनीत सगळे म्हणतात आणि सगळ्यांनी तो केलेला आहे. जळगावहून धुळ्याला निघालो. एरंडोलच्या अलीकडे ड्रायव्हरनं म्हशीसाठी कचकन ब्रेक मारला आणि उभा असलेला एक गृहस्थ सरांच्या मांडीवर येऊन बसला. ‘जडत्व!’ सर आनंदानं ओरडले. तो गृहस्थ अंगानं जरा भरलेला होता. त्याला नुसतं ‘जाड’ ऐकू आलं. पारोळा येईपर्यंत ते प्रकरण मिटलं नाही. शेवटी सरांनी कंडक्टरकडून तिकिटाचा कोरा कागद घेऊन आकृती काढली तेव्हा तो मनुष्य घाबरून पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला.

धुळ्याच्या पुढं साक्रीच्या रस्त्याला लागलं की सर खिडकीची जागा मागून घेतात. त्या बाजूला माळावर काळ्या दगडाच्या अरुंद, लांबच लांब टेकड्या पूर्व-पश्चिम धावताना दिसतात. नव्या माणसाला वाटतं, कुण्या राजाचा कोट ढासळला असेल. सर अशा माणसाची वाटच बघत असतात. ‘कोट नाही. भेग आहे ती.’ भेग उंच कशी असेल, हा प्रश्न समोरच्यानं विचारावा अशी त्यांची इच्छा असते, आणि तो विचारेपर्यंत ते बोलत नाहीत. मग सांगतात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथली जमीन तडकली. तड्यांतून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा आला. थरावर थर. सह्याद्री, सातमाळा, अजिंठ्याचा डोंगर सगळं त्याच दगडाचं. काही तड्यांमध्ये लाव्हा आतल्या आत गोठला. आजूबाजूचा दगड पुढं झिजून गेला, हा टणक राहिला, म्हणून भेगेची भिंत झाली. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती शेकड्यानं आहेत आणि परदेशातून भूशास्त्रज्ञ त्या बघायला येतात. ‘आणि आपण त्यांच्या आडोशाला काय करायला जातो?’ सर विचारतात. या प्रश्नाला मार्क नाहीत.

या भिंतींमुळेच सरांचं विज्ञान प्रदर्शनांशी वाकडं आहे. निवृत्त विज्ञान शिक्षकाला तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून बोलावतातच. आणि प्रदर्शनात, आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, ज्वालामुखी असतो. पुठ्ठ्याचा डोंगर, वर तपकिरी रंग, टोकाला खाण्याचा सोडा, बाजूला व्हिनेगरची बाटली आणि घामाघूम झालेलं पोरगं.

‘आपल्याकडे ज्वालामुखी कसा होता?’ सर विचारतात.

‘आपल्याकडे नव्हता, सर. तो जपानमध्ये असतो.’

‘पायाखाली बघ.’

पोरगं वाकून बघतं. त्याला वाटतं, व्हिनेगर सांडलं. सर त्याला घेऊन शाळेच्या मैदानाच्या कडेला जातात, काळा धोंडा उचलून हातात देतात आणि शंकूचा डोंगर न करता जमिनीला फटी पाडून मॉडेल कसं करायचं ते समजावतात. बाकीचे परीक्षक तोवर चहा पिऊन निकाल लावून मोकळे झालेले असतात. पहिला नंबर जपानचा.

सर मार्क द्यायचे विसरतात असं एकच ठिकाण मी पाहिलंय, ते म्हणजे पांझरेचा काठ. तिथं जुनी फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या पाण्यावर शेतांचे फड पाडलेले, आणि कुठल्या फडात यंदा ऊस नि कुठल्यात भुसार हे गावानं ठरवायचं. शेकडो वर्षांची रीत. मोटर नाही, पंप नाही, सगळं पाणी उतारानं. सरांचे आजोबा पाटकरी होते. ‘गुरुत्वाकर्षण हा शब्द त्यांच्या कानावरून गेला नाही कधी,’ सर सांगतात, ‘पण पाटाला उतार किती द्यायचा ते त्यांच्या तळपायाला कळायचं. जास्त दिला तर माती वाहते, कमी दिला तर गाळ बसतो.’ याच पट्ट्यात विश्वेश्वरय्या आले होते. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि नोकरीच्या सुरुवातीचंच काम म्हणून पांझरेच्या पाटाचं पाणी नळाच्या वक्रनलिकेतून पलीकडे न्यायचं त्यांच्या वाट्याला आलं. पाणी एका बाजूनं खाली जातं नि दुसऱ्या बाजूनं आपल्या पातळीच्या जवळपास परत वर येतं. ‘आसं का व्हयनं?’ सर मला विचारतात. आजोबांच्या गावात आले की त्यांची भाषा आपोआप अहिराणीवर येते. उत्तराची वाट न बघता ते पाटात पाय सोडून बसतात.

(कूलरची टाकी रिकामी करायला रबरी नळीची वक्रनलिका त्यांनीच आम्हाला शिकवली. पाणी तोंडात कधी येतं आणि नळी कधी सोडायची, हे मात्र ज्यानं त्यानं आपलं आपण शिकायचं असतं. त्या पाण्याची चव मी सांगणार नाही.)

कॉलनीच्या गणपतीत एकदा ‘आपलं प्राचीन विज्ञान’ असा कार्यक्रम ठेवला आणि सरांना बोलावलं. दोन्ही पक्षांची मंडळी हजर होती. चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढल्याची त्यात नोंद आहे, हे सरांनी सांगितलं तेव्हा अर्ध्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. पृथ्वी आपल्या शक्तीनं जड वस्तू आपल्याकडे ओढते असं ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आहे, हे ऐकून टाळ्या वाढल्या. ‘म्हणजे न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी!’ मागून कोणी ओरडलं. ‘थांबा,’ सर म्हणाले. ‘ओढते हे सांगणं वेगळं आणि किती ओढते हे सांगणं वेगळं. अंतर दुप्पट झालं तर ओढ चौथाई होते, हे गणित न्यूटनचं, १६८७ चं.’ आता टाळ्या दुसऱ्या अर्ध्यातून आल्या. ‘पण,’ सर त्यांच्याकडे वळले, ‘पृथ्वी खाली का पडत नाही, या प्रश्नाला भास्कराचार्यांनी उलट विचारलं की चारी बाजूंना सारखंच आकाश असताना ती पडणार कुठं? हे तुमच्यापैकी किती जणांना सुचलं असतं?’ त्या वर्षीपासून सरांना दोन्ही बाजू बोलावत नाहीत. सरांच्या मते दोघांनाही एकेक मार्क.

आता त्या जिभेच्या नकाशाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तो कळल्याशिवाय सर कळत नाहीत.

आपण सगळे शाळेत जिभेची आकृती काढून आलो आहोत. टोकाला गोड, कडांना खारट नि आंबट, मागे कडू. सरांनीही ती वर्षानुवर्षं फळ्यावर काढली, रंगीत खडूंनी, चार रंगांत. आकृती इतकी सुबक की दुसऱ्या वर्गाचे शिक्षक ती पुसू द्यायचे नाहीत. निवृत्तीच्या सुमाराला त्यांच्या वाचनात आलं की हे खोटं आहे. १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकानं जिभेच्या भागांत किंचित फरक नोंदवला होता. पुढं अमेरिकेतल्या पुस्तकात तो आलेख असा काही मांडला गेला की लोकांनी त्याचा चक्क नकाशा केला. खरं तर सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. सरांनी त्याच रात्री चमचाभर साखर घेऊन जिभेच्या मागच्या भागावर टेकवली. गोड लागली. काकू सांगतात, ते त्या रात्री जेवले नाहीत.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, पुस्तकात होतं ते शिकवलं. सरांनी वह्या काढल्या. हजेरीपटाच्या जुन्या नकला, बॅचवार. आणि तेव्हापासून जो जुना विद्यार्थी भेटेल त्याला ते हे सांगत सुटले. सावद्याच्या केळीच्या वखारीत एकाला गाठलं, तो ट्रक भरत होता. एकाला सुवर्णनगरीतल्या सराफी दुकानाच्या काउंटरवर, समोर गिऱ्हाईक बसलेलं. एक आता कोर्टात वकील आहे. त्याला वाटलं सर प्रॉपर्टीचं काही विचारायला आले. ‘मी तुला जिभेचं चुकीचं शिकवलं होतं,’ सर म्हणाले. ‘तू त्याच्यावर तीन मार्क मिळवलेस. ते राहू दे. पण माहीत असू दे.’ मला हा प्रकार हास्यास्पद वाटायचा. अजूनही वाटतो. पण मला शाळेत चुकीचं शिकवणाऱ्यांपैकी अजून कोणी माझ्याकडे आलेलं नाही, एवढं नमूद करतो.

गेल्या मेमधली गोष्ट. जळगाव साधारण एकवीस अंश अक्षांशावर, त्यामुळे २५ मेच्या आसपास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस. जुलैच्या मध्यानंतर तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून बघायचा तर मेमध्येच. सरांनी आठ दिवस आधी कॉलनीत सांगून ठेवलं होतं. वेळही काढून दिली होती, बारा पंचवीस. बारा नाही. ‘बारा का नाही? आपलं घड्याळ आपलं नाही, ते साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे. आपण पश्चिमेला. सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो.’

गच्चीवर पाच पोरं आणि एकटे सर. बाकी कॉलनी खिडक्यांतून. सरांनी अकरापासूनच प्लॅस्टिकचा पाइप उभा करून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायला घेतली होती. डोक्यावर टोपी नाही. पोरांनी विचारलं तर म्हणाले, ‘टोपीची सावली मापात येते.’ पोरांना त्यांनी स्वतः रुमाल बांधले, दोन दोन ग्लास पाणी पाजलं, घाम कसा शरीराचा कूलर आहे ते सांगितलं. हवा सदतीस अंशांच्या पुढं गेली की घामाशिवाय शरीराला दुसरा आधार नाही, तेव्हा पाणी प्या, पाणी प्या. स्वतः प्यायले नाहीत. नोंदी चुकल्या असत्या.

बारा पंचवीसला पाइपाची सावली खरंच गेली. पोरं ओरडली. आम्ही खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. सरांनी मान वर करून बघितलं, ‘बघा!’ म्हणाले, आणि जागच्या जागी बसले. मग आडवे झाले.

चौघांनी उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, सलाइन लावू, संध्याकाळपर्यंत राहू द्या. काकू उशाशी बसल्या होत्या. त्या काहीच बोलत नव्हत्या, आणि त्याचीच आम्हाला जास्त भीती वाटत होती. तासाभरात सरांनी डोळे उघडले. आधी छत बघितलं, मग बाटली, मग नळी, मग हात.

‘सिस्टर,’ ते हळूच म्हणाले, ‘ही बाटली एवढी उंच का टांगलीय?’

सिस्टर चार्ट भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘शिरेतल्या रक्ताच्या दाबापेक्षा बाटलीतल्या द्रवाचा दाब जास्त पाहिजे. उंची वाढली की दाब वाढतो. बाटली खाली घेतली तर रक्त नळीत चढेल. दोन मार्क द्या आणि हात हलवू नका, सर.’

सरांनी चष्मा शोधला. काकूंनी तो दिला नाही.

‘कोणती बॅच गं तुझी?’

‘नव्याण्णव. ब तुकडी. खिडकीजवळचा बाक.’

सर कोपरावर उठायला लागले. काकूंनी खांद्याला धरून खाली दाबलं तरी त्यांचं तोंड सुरूच होतं. ‘म्हणजे तुलाही ते जिभेचं मी...’

‘सर, ते सांगितलंत तुम्ही. माझ्या लग्नात, स्टेजवर, आहेर देताना. पेढा जिभेच्या मागच्या बाजूला ठेवायला लावलात.’ सिस्टरनी चार्ट बंद केला. ‘अल्बममध्ये फोटोपण आहे. माझी जीभ बाहेर आहे, आणि सासूबाई बघताहेत.’